उंदीर एसीत राहतो, आपण कोकणात

"उंदरांवर सिद्ध झालंय" हे वाक्य गेल्या दोन-तीन वर्षांत मी इतक्या जणांकडून ऐकलंय की आता यावर लिहायलाच हवं असं वाटायला लागलं. जिमवाले म्हणतात, पावडर विकणारे म्हणतात, रील्सवाले म्हणतात, आणि मे महिन्यात तर माझा सख्खा पुतण्याच म्हणाला, तेही गळ्यापर्यंत बर्फाच्या पाण्यात बसून.

आमचं घर मालवणजवळ. पोरगं एकवीस वर्षांचं, अंगाने चांगलं, कष्टाळू. सकाळी सहाला बंदरावरच्या बर्फ कारखान्यातून लादी आणायची, अंगणात गोणपाटावर ठेवून फोडायची, निळ्या ड्रममध्ये टाकायची आणि आत बसायचं. ओठ निळे पडलेत, दात वाजतायत, आणि वर मला सांगतोय, "काकी, ह्यां उंदरांवर प्रूव्ह झालेलां आसा, थंडीत मेटाबॉलिझम डबल जाता." मी विचारलं, उंदरांका खंयच्या रूममधी ठेवलेले? तर म्हणाला, "तां कित्याक व्हयां?"

ते का हवं, हे सांगण्यासाठीच हा लेख. कारण मला वाटतं की उंदरावरचा खाण्यापिण्याचा कुठलाही प्रयोग वाचताना पहिला प्रश्न हाच विचारायचा असतो की खोली किती डिग्रीला होती, आणि आपण कोकणातल्या लोकांनी तर हा प्रश्न इतरांपेक्षा दुप्पट जोराने विचारायला पाहिजे.

मी एम.फार्म. करत होते तेव्हा दोन वर्षं अ‍ॅनिमल हाउसमध्ये काम केलंय. कॉलेजचं नाव सांगत नाही, त्याने काही फरकही पडत नाही कारण सगळीकडे साधारण तसंच असतं, पांढरे उंदीर, प्लास्टिकचे पिंजरे, खाली भाताचा तूस, पेलेटचं खाद्य आणि बावीसच्या आसपास लावलेला एसी. एका एप्रिलमध्ये आमचा एसी बंद पडला. मी लेखी तक्रार दिली, दोनदा जाऊन सांगितलं, तीन दिवस कोणी फिरकलं नाही. त्या तीन दिवसांत मी जे बघितलं ते अजून डोळ्यांसमोर आहे. एरवी एका पिंजऱ्यातले चार उंदीर कायम एका कोपऱ्यात एकमेकांच्या अंगावर चढून, नाक पोटात खुपसून, तुसाचा ढीग करून झोपायचे. एसी बंद पडल्यावर दुपारपर्यंत ते चौघं चार बाजूंना गेले, पोट जमिनीला टेकवून आडवे पसरले, शेपट्या एकदम सरळ लांब सोडलेल्या (उंदराला आपल्यासारखा घाम येत नाही, अंगातली उष्णता तो बरीचशी शेपटीतून बाहेर टाकतो, आणि फारच झालं तर थुंकी अंगाला फासतो). आणि खाद्याच्या जाळीत पेलेट उरायला लागले. रोज रिकामी होणारी जाळी अर्धी भरलेली. मी वहीत लिहिलं, खाणं कमी झालंय, एसी नादुरुस्त. म्हणजे मला तेव्हा वाटलं की बिघाड गरमीमुळे झालाय. पण मूळची जी एकमेकांना चिकटून झोपायची पद्धत होती ना, ती लाडाची नव्हती, ते गारठलेले होते आणि दोन वर्षं रोज बघूनसुद्धा ते माझ्या लक्षात आलं नव्हतं.

झालंय काय की माणसाला बावीस डिग्री म्हणजे छान गारवा, कपडे घातलेत, एप्रन आहे, काम सुचतं. उंदराला मात्र तीच खोली थंड. गरम रक्ताच्या प्रत्येक प्राण्याचा एक तापमानाचा पट्टा असतो ज्यात त्याला अंग गरम ठेवायला वेगळी शक्ती जाळावी लागत नाही. लॅबमधल्या रॅटचा तो साधारण अठ्ठावीसच्या पुढे सुरू होतो, छोट्या माउसचा तर तीसच्या आसपास. अंग लहान असलं की वजनाच्या मानाने कातडीचा पसारा जास्त, आणि उष्णता कातडीतून जाते, हे जर्मन शास्त्रज्ञ माक्स रुब्नर याने १८८३ मध्येच लहान-मोठ्या कुत्र्यांवर मोजून दाखवलं होतं. पाव किलो-तीनशे ग्रॅमचा जीव बावीस डिग्रीत चोवीस तास ठेवला की तो चोवीस तास थोडाफार हीटर चालू ठेवून जगतो. तेव्हा जगभरच्या लॅबमधला जो "नॉर्मल" उंदीर आहे, तो मुळातच थंडी वाजत असलेला उंदीर आहे. आणि आपण?

कोकण किनाऱ्यावर वर्षाचं सरासरी तापमान सत्तावीसच्या आसपास, जानेवारीतल्या चार पहाटा सोडल्या तर अंगावर चादर लागत नाही, मे महिन्यात तर बनियनही नको होतं. उघड्या अंगाने स्वस्थ बसलेल्या माणसाचा तो आरामाचा पट्टा साधारण अठ्ठावीस-तीसचाच आहे, म्हणजे आपण जवळजवळ वर्षभर त्या पट्ट्यात किंवा त्याच्या वर राहतो. दापोलीवाले म्हणतील आमच्याकडे थंडी पडते. पडते, मान्य, पण घरात, गोधडीत, चुलीजवळ, आणि तीही महिना-दीड महिना.

आता पुतण्याचं वाक्य घेऊया, थंडीत मेटाबॉलिझम, म्हणजे शरीराचा शक्ती जाळण्याचा वेग, डबल होतो. उंदराच्या बाबतीत हे खरंच आहे, त्यात खोटं काही नाही. रॅटला पाच डिग्रीत ठेवलं तर पहिले काही दिवस तो नुसता कुडकुडतो, स्नायू थरथरवून उष्णता तयार करतो. मग दोन-चार आठवड्यांत कुडकुडणं कमी होतं कारण त्याची ब्राउन फॅट वाढते. ही ब्राउन फॅट मी हाताने काढून बघितलेली आहे, दोन खांद्यांच्या मधे कातडीखाली, फुलपाखरासारखा आकार, साध्या चरबीसारखी पांढरी नाही तर तपकिरी-लालसर, कारण तिच्यात मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीतल्या शक्ती तयार करणाऱ्या भट्ट्या, ठासून भरलेल्या आणि रक्ताचा पुरवठा भरपूर. तिच्यात यूसीपी-१ नावाचं एक प्रोटीन असतं, ते मायटोकॉन्ड्रियात अशी एक वाट उघडून देतं की अन्नातून निघालेली शक्ती एटीपीच्या (पेशी जे रसायन शक्ती म्हणून वापरते त्याच्या) रूपात साठत नाही, सरळ उष्णता होऊन जाते. थंडी वाजली की मेंदू मज्जातंतूंमार्फत नॉरअ‍ॅड्रेनलिन नावाचं रसायन सोडतो आणि ही शेगडी पेटते. अशा उंदराचं खाणं दीडपट, कधी जवळपास दुप्पट होतं. पण तो दुप्पट खातो आणि दुप्पट जाळतो कारण नाहीतर मरेल. ती त्याची तब्येत सुधारण्याची युक्ती नाही, ते घरभाडं आहे.

आणि खोलीचं तापमान किती मोठा घोळ घालू शकतं याचं एक उदाहरण तर असं आहे की मी ते प्रत्येक विद्यार्थ्याला सांगते. १९९७ मध्ये यूसीपी-१ नसलेले माउस तयार केले गेले. सगळ्यांना वाटलेलं की शेगडीच काढून टाकली म्हणजे हे उंदीर जाडे होणार. झाले नाहीत. थंडी मात्र त्यांना सोसवेना. मग बरीच वर्षं लोक म्हणत राहिले की लठ्ठपणाशी याचा काही संबंध नसावा. २००९ मध्ये स्टॉकहोमच्या बार्बरा कॅनन आणि यान नेडरगार्ड यांच्या लॅबने तेच उंदीर तीस डिग्रीला ठेवून बघितले, आणि जाडे झाले की! आधीच्या खोलीत शेगडी नसल्यामुळे बिचारे इतर मार्गांनी, स्नायू थरथरवून वगैरे अंग गरम ठेवत होते, त्यात सगळी शक्ती संपत होती. जनुक तेच, फक्त एसीचा आकडा बदलला आणि बारा वर्षांचं उत्तर उलटं झालं.

त्याच २००९ साली मोठ्या माणसातही ब्राउन फॅट शिल्लक असते आणि थंडीत जागी होते हे न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनच्या एकाच अंकात तीन वेगवेगळ्या गटांनी दाखवलं, आणि तिथूनच ही ड्रमची फॅशन निघाली असं माझं मत आहे. तान्ह्या बाळात ती चांगलीच असते, म्हणून बाळ कुडकुडत नाही. पण मोठ्या माणसात असते ती फार थोडी, आणि बाहेर गरम असेल त्या ऋतूत तर ती सापडणंही कमी होतं हे त्याच संशोधनात आलंय. मग दहा मिनिटं बर्फात आणि उरलेले तेवीस तास पन्नास मिनिटं तेहतीस डिग्रीत घाम पुसत, यातून रॅटसारखी शेगडी कुठून वाढणार? पाच डिग्रीतला उंदीर आठवडेच्या आठवडे तिथेच राहतो, टॉवेल गुंडाळून कोकम सरबत प्यायला घरात जात नाही. शिवाय घरातले पन्नाशीचे, बीपीचे, हार्टचे पेशंट बघून बघून हेच करायला लागलेत याची मला जास्त भीती वाटते, कारण एकदम थंड पाण्यात उतरलं की बीपी आणि हृदयाचे ठोके झटक्यात वाढतात, त्याला कोणी पुरावा मागू नये.

आता प्रोटीनकडे येते, कारण खरा मुद्दा तिथे आहे आणि पुतण्याच्या ड्रमशेजारीच पावडरचा मोठा डबा ठेवलेला होता.

जेवल्यावर अंग जरा तापतं हे आपल्याला माहीत आहेच. भात-पोळी खाल्ली तर त्यातल्या शक्तीचा पाच-दहा टक्के भाग पचवण्यात जातो, चरबीचा तर तीन टक्क्यांच्या आत, आणि प्रोटीनचा मात्र वीस ते तीस टक्के, कारण प्रोटीन तोडायचं, परत जोडायचं, जास्तीच्या नायट्रोजनचा युरिया करून बाहेर टाकायचा, या सगळ्याला खर्च येतो. इथपर्यंत जिमवाले बरोबर सांगतात. पण याच्यापुढची गोष्ट ते सांगत नाहीत आणि तीही रुब्नरनेच शोधलेली आहे. त्याने कुत्र्याला मांस खायला घालून उष्णता मोजली. गरम खोलीत मांस खाल्ल्यावर उष्णता वाढलेली दिसली. थंड खोलीत तेच मांस, पण वाढ जवळपास दिसेना. का, तर थंडीत कुत्रा तसाही उष्णता तयार करतच होता, मांसातून फुकट मिळाली तर त्याने स्वतःचा हीटर तेवढा कमी केला. म्हणजे गारठलेल्या जिवाला प्रोटीनची उष्णता कामाला येते आणि गरम जागेतल्या जिवाला ती वर उरते, बाहेर कशी टाकायची हाच प्रश्न. कोकणात मे महिन्यात दुपारी कोंबडी-वडे खाऊन घामाने भिजलेल्या माणसाला हे पुस्तकात वाचायची गरज नाही. आणि म्हणूनच आपल्या आज्या वैशाखात पेज, ताक-भात, सोलकढी अशा हलक्या खाण्यावर दिवस काढायच्या. भूक आपोआप कमी होते. माझ्या उंदरांच्या जाळीत पेलेट उरले ते काही आजारामुळे नाही.

इथे आता एक जुना निष्कर्ष सांगते, त्यावर माझा सगळा लेख उभा आहे. वाढत्या वयाच्या रॅटना कमी प्रोटीनचं खाद्य दिलं, काहींना गरम खोलीत, काहींना थंड खोलीत. कोण जास्त वाढेल? कोणीही म्हणेल गरम खोलीतले, थंडीचा खर्च नाही ना त्यांना. पण उलट झालं. थंड खोलीतले बरे वाढले. कारण थंडीमुळे ते जास्त खात होते, आणि जास्त खाल्लं म्हणून त्याच पातळ खाद्यातूनसुद्धा दिवसाचं प्रोटीन पुरेसं पोटात जात होतं, वरची जी शक्ती होती ती उष्णता होऊन गेली. गरम खोलीतला उंदीर पोटभर खात होता तरी ग्रॅममध्ये प्रोटीन कमी पडत होतं, कारण त्याचं पोटभरच लहान होतं.

म्हणजे अन्नात प्रोटीन किती टक्के पाहिजे याचं एकच उत्तर नसतं, ते खाणारा किती खातो यावर ठरतं, आणि किती खातो ते बऱ्याच अंशी तो किती गरम जागी राहतो यावर.

कोणी म्हणेल, बाई, आत्ताच तर तुम्ही सांगत होता उंदराचं माणसाला लावू नका, आणि आता स्वतःच लावताय. रास्त प्रश्न आहे. माझं म्हणणं असं की ब्राउन फॅट उंदरात किती आणि माणसात किती हा शरीराचा फरक आहे, तो ओलांडता येत नाही. पण पोटात गेलेलं प्रोटीन म्हणजे खाण्याचं वजन गुणिले त्यातलं प्रोटीनचं प्रमाण, हा गुणाकार आहे, आणि गुणाकार दोघांना सारखाच लागू होतो. म्हणून चला आपल्या शाळेच्या पडवीत.

शाळेच्या पोषण आहाराचा हिशोब असा आहे की पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला शंभर ग्रॅम तांदूळ आणि वीस ग्रॅम डाळ-कडधान्य, त्यातून साडेचारशे कॅलरी आणि बारा ग्रॅम प्रोटीन. सहावी ते आठवीला दीडशे आणि तीस, म्हणजे सातशे कॅलरी आणि वीस ग्रॅम. कागदावर बरोबर बसतं, तांदळातून सात-आठ आणि डाळीतून चार-साडेचार. पण हे बारा ग्रॅम तेव्हाच, जेव्हा पोर ताट चाटून पुसून संपवतं. आमच्या वाडीतल्या शाळेत मी अधूनमधून विज्ञानाचे प्रयोग दाखवायला जाते. डिसेंबरमध्ये गेलं तर टोपाच्या तळाला लागलेली खिचडीसुद्धा पोरं खरवडून मागतात. एप्रिलमध्ये पत्र्याखाली, साडेबाराच्या उन्हात, घाम निथळतोय, पोरं निम्मी खिचडी ताटात ठेवून नळावर पळतात, आणि शिजवणाऱ्या ताई उरलेलं बादलीत ओतताना हळहळतात. अर्धी खिचडी उरली म्हणजे बारातले सहा ग्रॅम बादलीत गेले. वर्षभर तेच प्रमाण, तीच पाककृती, जणू काही मालवण आणि थंड हवेच्या ठिकाणची शाळा एकच आहे.

२०२३ च्या नोव्हेंबरपासून आपल्या राज्यात आठवड्यातून एक दिवस अंडं द्यायला सुरुवात झाली होती. त्याच्या पुढच्या एप्रिलमध्ये मी बघितलंय की खिचडी उरायची पण अंडं एकाही ताटात उरायचं नाही. एक पोरगी होती दुसरीतली, ती आधी अंडं सोलून पांढरं खायची, मग पिवळा बलक बोटांनी भाताच्या चार घासांत कालवून तेवढेच चार घास खाऊन उठायची. तिच्या पोटात भाताचं फार काही गेलं नाही, पण एका अंड्यात सहा ग्रॅम प्रोटीन असतं, म्हणजे बादलीत गेलेले बरोबर सहाच्या सहा ग्रॅम तिला त्या दिवशी परत मिळाले. गरम हवेत लहान भुकेच्या पोराला घट्ट खाणं पाहिजे, पातळ नाही, हे त्या पोरीच्या ताटाने मला जेवढं स्पष्ट दाखवलं तेवढं पिंजऱ्याने नाही. आणि २०२५ च्या जानेवारीत राज्याने अंड्यांचा निधी थांबवला. शाळांना सांगितलं, हवं तर लोकसहभागातून द्या.

मला हा निर्णय चुकीचा वाटतो आणि कोकणापुरता तर अगदीच चुकीचा वाटतो. भावनेचा प्रश्न असेल तर ज्यांना अंडं नको त्यांना सक्ती कोणीच केली नव्हती, त्यांना केळं मिळत होतं. माझी त्या केळ्यावरही हरकत आहे. केळं चांगलंच, पण त्यात प्रोटीन जेमतेम एक ग्रॅम. अंड्याच्या बदल्यात द्यायचं तर मूठभर भाजलेले शेंगदाणे द्या, चवळीची घट्ट उसळ द्या, शेंगदाणा-गुळाचा लाडू द्या. शाकाहारी पोराला कमी का?

उंदरांचे प्रयोग नकोत असं माझं म्हणणं नाही हे इथे सांगून ठेवते. आपल्या देशात उंदरांवरच्या आहाराच्या प्रयोगांचा फार मोठा वारसा आहे. निलगिरीतल्या कुन्नूरला रॉबर्ट मॅककॅरिसन या ब्रिटिश डॉक्टरने १९२० च्या दशकात उंदरांच्या गटांना हिंदुस्थानातल्या वेगवेगळ्या प्रांतांचं जेवण घातलं, शीख, पठाण, मराठा, गुरखा, बंगाली, मद्रासी असं. शीख जेवणावरचे, म्हणजे गव्हाची रोटी, दूध, लोणी, डाळ, भाज्या, कधीतरी मांस, हे उंदीर सगळ्यात चांगले वाढले आणि पॉलिश केलेल्या तांदळाच्या मद्रासी जेवणावरचे सगळ्यात मागे राहिले. तीच कुन्नूरची संस्था पुढे १९५८ मध्ये हैदराबादला गेली, आज आपण तिला राष्ट्रीय पोषण संस्था म्हणतो. मॅककॅरिसनने काय विचारलं बघा: लोक खरोखर जे खातात ते घातलं तर जीव वाढतो की नाही? हा प्रश्न विचारणारा उंदीर मला मान्य आहे. पावडरच्या डब्यावरचा उंदीर मान्य नाही.

अजून एक मुद्दा लोक उलट बाजूने आणतात, तोही इथेच निपटते. कमी प्रोटीन दिलं की उंदीर जास्त खातो आणि जास्त जाळतोही, हे खरं आहे. यकृतातून एफजीएफ-२१ नावाचा हार्मोन सुटतो, तो शरीराला सांगतो की प्रोटीन कमी पडतंय, अमेरिकेतल्या बॅटन रूजच्या पेनिंग्टन सेंटरमधल्या गटाने २०१४ मध्ये ते नीट दाखवलं. आता यावरून काही जण म्हणायला लागलेत की बघा, प्रोटीन कमी खाल्लं तर मेटाबॉलिझम वाढतो, भातच खा. अरे पण तो वाढलेला मेटाबॉलिझम म्हणजे वाया गेलेलं अन्न आहे, आणि वाढत्या पिल्लाची वाढ खुंटलेली आहे. ज्या घरात तांदूळ रेशनवर मोजून येतो तिथे जास्त खा आणि जास्त जाळा हा सल्ला कोण देणार? जास्त जाळणं म्हणजे चांगलं, हे गृहीतच मुळात भरल्या पोटाच्या देशातून आलंय.

आणि पुतण्याला मी शेवटी जे सांगितलं ते ज्यांच्या घरी ड्रम आहे त्यांच्यासाठी. २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासात बारा आठवडे वजनं उचलणाऱ्या पुरुषांचे दोन गट केले, एक गट व्यायामानंतर दहा मिनिटं दहा डिग्रीच्या पाण्यात बसायचा, दुसरा हलकं सायकलिंग करायचा. थंड पाण्यातल्यांचे स्नायू कमी वाढले. २०२० मध्ये नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्तच्या लोकांनी तर एकाच माणसाचा एक पाय आठ डिग्रीच्या पाण्यात आणि दुसरा तीस डिग्रीच्या पाण्यात ठेवला, मग दुधाचं प्रोटीन प्यायला दिलं. थंड केलेल्या पायाच्या स्नायूत ते प्रोटीन कमी बसलं. हे उंदीर नाहीत, माणसं आहेत. म्हणजे हजारो रुपयांची पावडर पिऊन लगेच बर्फात बसणारा एका हाताने घालतो आणि दुसऱ्या हाताने काढून घेतो. तो काही बोलला नाही, पण डबा उचलून मागचं लेबल वाचत बसला, आणि मग मला विचारलं की आपल्या जेवणात मग किती असतं.

तर असतं किती ते बघा. साठ किलोच्या माणसाला दिवसाला साधारण पन्नास ग्रॅम लागतं, आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२० च्या शिफारशीत किलोमागे ०.८३ ग्रॅम आहे, व्यायाम करणाऱ्याला त्याहून जास्त. बांगड्यात शंभर ग्रॅमला एकोणीस-वीस. कुळथात बावीसच्या आसपास. सुक्या बोंबलात पाणी उडून गेलेलं असल्यामुळे शंभर ग्रॅमला साठच्या घरात. कुळीथ भात कापल्यावर उरलेल्या ओलीवर येतो, ना पाणी मागतो ना खत, आणि कुळथाची पिठी भातावर घेतली की तांदळात जे कमी ते कुळथात आणि कुळथात कमी ते तांदळात असा मेळ बसतो. जूनपासून जुलैअखेर यांत्रिक मासेमारी बंद असते, त्या दोन महिन्यांसाठी आपल्याकडे आगोट भरायची पद्धत होती, सुकट, सोडे, बोंबील, वाल, चवळी, कुळीथ, डब्याडब्यांतून भरून माळ्यावर. आता आगोटीत नूडल्सची पाकिटं आणि बिस्किटांचे पुडे असतात आणि पिठी ही हॉटेलात "अस्सल मालवणी" म्हणून मागवायची वस्तू झालीय. सुकी मासळी खारट असते, बीपीवाल्यांनी बेताने खावी, ते आलंच. पण रोजच्या भातात एक घट्ट जिन्नस असायचा, भूक मेलेल्या दिवसातही दोन घासांत काम व्हायचं, ती सवय आपण सोडली आणि तिच्या जागी ड्रम आणि डबा आणला. मासळी महाग झाली हे कारण खरं आहे, ते मी नाकारत नाही, पापलेट-सुरमई तर आता बघायचीच गोष्ट आहे. पण तारली आणि बांगडा अजून परवडतो, आणि कुळीथ महाग झाला म्हणून कोणी सोडला नाही.

आमच्या शाळेपुरतं आम्ही काय केलं, तर व्यवस्थापन समितीच्या मीटिंगमध्ये मी हा सगळा हिशोब फळ्यावर मांडला. बादलीतली खिचडी एका दुपारी वजनकाट्यावर तोलून दाखवली. मुंबईला असलेल्या तीन-चार घरांनी पैसे दिले, दोघीजणी घरच्या कोंबड्यांची अंडी देतात, बुधवारी अंडं पुन्हा सुरू झालंय आणि ज्यांना नको त्यांना शेंगदाण्याचा लाडू. मार्च-एप्रिलमध्ये डाळ वाढवून भात कमी करायचा असंही आम्ही ठरवलंय, एकंदर ताट लहान पण घट्ट, बघू ताईंना ते जमवता येतं का. पण हे आमच्या वाडीत जमलं कारण आमच्याकडे मुंबईकर आहेत. वर सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, धनगरवाड्याची शाळा आहे, अकरा मुलं, पायवाट, तिथल्या लोकांचे मुंबईत फ्लॅट नाहीत. तिथल्या शिक्षकांना मी फोन केला तर म्हणाले, मॅडम, लोकसहभाग कुणाकडून मागू, इथे मागायला मीच एकटा पगारदार आहे. ते स्वतःच्या खिशातून महिन्यातून दोनदा अंडी नेतात, पिशवीत भुशात घालून, चढण चढून. तिथे एप्रिलमध्ये पत्रा आमच्यापेक्षा जास्त तापतो.